कोल्हापुरात बसून ओपन सोर्स सायन्स हार्डवेअर: नवीन लोकांनी सुरुवात कशी करायची

ओपन सोर्स हार्डवेअर म्हणजे काय तर एखाद्या उपकरणाचं ड्रॉईंग, सर्किट, पार्टची यादी, जोडायची पद्धत आणि आतला कोड हे सगळं उघड ठेवलेलं असतं, कुणीही घ्यावं, बनवावं, बदलावं, विकावंसुद्धा. विज्ञानात याची गरज जरा जास्तच आहे, कारण कॉलेजच्या लॅबमधलं बाहेरून आणलेलं उपकरण एकदा बंद पडलं की आत काय आहे ते कुणाला माहिती नसतं, कंपनीचा माणूस येईपर्यंत सेमिस्टर संपतं, आणि मग ते कपाटावर धूळ खात बसतं. कितीतरी लॅबमध्ये हेच बघायला मिळतं.

आता कोल्हापूरचं बघा. उद्यमनगरात लेथ आहेत, शिरोळीत फौंड्र्या आहेत, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आहेत, १९६२ सालापासून शिवाजी विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, केमिस्ट्रीच्या लॅब आहेत. एवढी सगळी माणसं एकमेकांपासून गाडीवरून अर्ध्या तासावर असलेली गावं फार नाहीत. वस्तू बनवायचं कसब इथं भरपूर आहे, कमी पडतं ते लिहून ठेवणं. मेस्त्रीच्या डोक्यात असतं, सरांच्या वहीत असतं, पोरांच्या लॅपटॉपमध्ये असतं, आणि पोरं पास होऊन पुण्याला गेली की प्रोजेक्ट संपला. म्हणून या सगळ्या लेखात मी एकच कसोटी धरून चाललोय: तुम्हाला एकही फोन न करता दुसऱ्या गावातल्या माणसानं ती वस्तू बनवली तरच ती ओपन.

उदाहरण म्हणून पाण्याचा गढूळपणा मोजायचं मीटर घेतो, कारण ते छोटं आहे, खरंच उपयोगाचं आहे आणि त्यात लेथ, इलेक्ट्रॉनिक्स, केमिस्ट्री असं सगळंच येतं.

पायरी १: आधी प्रश्न ठरवा

बरेच जण सुरुवात करतात ती "आपण एक सेन्सरवालं काहीतरी बनवूया" अशी. तसं करू नका. प्रश्न असा पाहिजे की ज्याचं उत्तर आकड्यात येतं आणि तो आकडा कुणाला तरी खरंच पाहिजे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तर जास्तच. ते का पाठ आहे, तर जागा ठरलेली आहे, पट्टी ठरलेली आहे आणि आकडा रोज सगळ्यांसमोर येतो. पण त्याच पंचगंगेचं पाणी प्रयाग चिखलीला किती गढूळ होतं, जयंती नाला मिसळल्यावर किती झालं, खाली तेरवाड बंधाऱ्याला किती, नृसिंहवाडीला कृष्णेत जाताना किती, हे एकाच दिवशी एकाच पद्धतीनं मोजलेलं पाहिजे असेल तर गावोगावच्या शाळा-कॉलेजांना परवडेल असं मीटर लागेल. हा झाला प्रश्न.

लगेच मर्यादा पण लिहून काढा. गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, १ एनटीयू ही स्वीकारायची मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. पावसाळ्यातली नदी मात्र शेकड्यात जाते. नळाचं पाणी आणि पुराचं पाणी एकाच स्वस्त मीटरनं मोजायचा हट्ट धरला तर दोन्हीकडं गोंधळ होतो, त्यामुळं पहिल्या आवृत्तीत एकच निवडा. मी नदी निवडेन.

पायरी २: दुसऱ्याचं एक तरी बनवून बघा

हे नवीन लोकांना कंटाळवाणं वाटतं पण याच्यासारखं शिक्षण नाही. ओपनफ्लेक्शर मायक्रोस्कोप घ्या. केंब्रिज आणि बाथ या इंग्लंडमधल्या विद्यापीठांतून आलेला प्रोजेक्ट, टांझानियातल्या लोकांबरोबर मलेरियाच्या तपासणीसाठी पुढं नेलेला. त्यात स्लाईड सरकवायला बेअरिंग नाही की रेल नाही, थ्रीडी प्रिंट केलेल्या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि तेवढ्यावर बारीक सरकतं. त्यांच्या सूचना वाचून बनवायला बसलात की कळतं चांगलं डॉक्युमेंटेशन म्हणजे काय, आणि आपण कुठं अडलो ते लिहून त्यांना कळवलं की तुम्ही तिथूनच त्या प्रोजेक्टमध्ये सामील झालात, वेगळं काही करावं लागत नाही.

आपल्याकडचंही बघा. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरनं फिनिक्स प्रकल्पातून एक्सपआईज हे फिजिक्सच्या प्रयोगांचं उपकरण काढलं, डिझाईन उघड. पुण्याजवळ पाबळला विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे कुणालाही मशीनवर वस्तू बनवून बघता येईल अशी कार्यशाळा, सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी. शक्य असेल तर एकदा जाऊन या, खेड्यातली पोरं मशीनवर हात चालवताना बघितली की बरेच प्रश्न तिथंच सुटतात. जगभरातल्या अशा लोकांचा गॉश नावाचा गट आहे, त्यांचं पहिलं संमेलन २०१६ साली जिनिव्हाला सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन केंद्रात झालं. आणि हार्डवेअरएक्स नावाचं जर्नल आहे, त्यात उपकरणाचा पेपर छापायचा तर डिझाईनच्या फायली द्याव्याच लागतात, म्हणजे तिथून सरळ फायली घेऊन कामाला लागता येतं.

पायरी ३: माणसं जमवा, आणि मेस्त्रीला सगळ्यात आधी विचारा

चार प्रकारची माणसं पाहिजेत. एक, ज्याला आकडा पाहिजे तो, म्हणजे पर्यावरणवाले सर, मॅडम, ग्रामपंचायतीत पाण्याचं बघणारा कोणी. दोन, सर्किट आणि कोडवाला. तीन, धातू आणि प्लास्टिकवाला. चार, लिहिणारा. चौथा माणूस बहुतेक टीममध्ये नसतोच आणि शेवटी "कोणीतरी लिहील" म्हणून राहून जातं, त्यामुळं पहिल्याच दिवशी नाव ठरवा. मराठीत लिहिणारा असेल तर फार उत्तम, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत सूचना ठेवायला काहीच हरकत नाही.

मेस्त्रीचं जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडं पद्धत अशी की ड्रॉईंग पूर्ण करायचं, प्रिंट काढायची आणि वर्कशॉपला जाऊन म्हणायचं, "मामा, एवढं करून द्या की." मामा करून देतातही. पण त्यांना आधी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की हे आतलं चौकोनी भोक लेथवर होणार नाही, वायर कट (तारेनं कापायचं मशीन) लागेल आणि खर्च वाढेल, गोल चालत असेल तर आत्ता बोअर मारून देतो. मीटरमध्ये पाण्याचा नमुना भरून ठेवायची बाटली गोलच असते, चौकोनाची गरजच नव्हती, सॉफ्टवेअरमध्ये चौकोन काढायला सोपा म्हणून आला एवढंच. असे निर्णय ड्रॉईंग पक्कं व्हायच्या आधी घ्यायचे असतात. टॉलरन्सचंही, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचंही, तसंच, प्रत्येक मापावर कडक टॉलरन्स टाकलं की जॉब महाग होतो, जिथं बाटली बसते तिथं द्या, बाकी मोकळं सोडा आणि का सोडलं ते ड्रॉईंगवर लिहा.

आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या, प्रोजेक्ट समाजासाठी आहे म्हणून फुकट करून घेऊ नका. डिझाईनमध्ये त्यांनी बदल सुचवला असेल तर त्यांना विचारून डिझाईन करणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घाला. पेपरमध्ये सरांचं, पोस्टरवर पोरांचं आणि मेस्त्रीचं कुठंच नाही, हे मला मनापासून खटकतं.

पायरी ४: लायसन्स आणि मालकी, काम सुरू करायच्या आधीच

आधी कॉलेजला लेखी विचारा की डिझाईन उघड करायला परवानगी आहे का. तोंडी "हो हो, करा" वर जाऊ नका, मागाहून कुणीतरी पेटंटचा विषय काढतो आणि सगळं लटकतं. हेही समजून घ्या की एकदा डिझाईन जाहीर केलं की साधारणपणे त्यावर पेटंट मिळत नाही, तुम्हालाही नाही आणि दुसऱ्यालाही नाही. आपल्याला तेच पाहिजे असतं, पण टीममधल्या सगळ्यांना ते आधी माहिती असावं.

लायसन्समध्ये हार्डवेअरसाठी सर्न ओपन हार्डवेअर लायसन्स वापरा. पहिलं २०११ साली आलं, दुसरी आवृत्ती २०२० ची, तिचे तीन प्रकार. एस प्रकारात ज्यानं बदल करून वस्तू दिली त्यानं आपला बदलही त्याच अटीवर उघड करायचा, डब्ल्यूमध्ये ही अट मूळ डिझाईनपुरती, त्याला जोडलेल्या बाकीच्या भागाला नाही, आणि पीमध्ये जवळपास मोकळीक, नाव तेवढं ठेवायचं. कोडला जीपीएल किंवा एमआयटी नावाचं लायसन्स, लिहिलेल्या सूचनांना क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय (नाव द्यायचं) किंवा बाय-एसए (नाव द्यायचं आणि त्याच अटीवर पुढं द्यायचं). लायसन्सची फाईल पहिल्या दिवशी फोल्डरमध्ये टाका.

"फक्त शिक्षणासाठी, धंद्याला वापरू नये" अशी अट टाकायचा मोह बऱ्याच प्राध्यापकांना होतो. टाकू नका. एक तर तशी अट असली की व्याख्येनुसार ते ओपन सोर्स हार्डवेअर राहतच नाही, आणि दुसरं म्हणजे ज्या शाळेला बनवता येत नाही तिला उद्यमनगरातल्या कुणीतरी बनवून विकलं तरच मिळणार ना? विकू द्या की.

पायरी ५: फायली नीट ठेवा

सर्किटला कीकॅड, मेकॅनिकलला फ्रीकॅड किंवा ओपनस्कॅड, तिन्ही फुकट आणि उघडी आहेत. कॉलेजच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं तर दुसऱ्याला उघडता येत नाही, मग उघड करून उपयोग काय. नुसती थ्रीडी प्रिंटची एसटीएल फाईल देऊन थांबू नका, तिच्यात बदल करणं जवळपास अशक्य असतं. मूळ फाईल, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी स्टेप फाईल आणि मापं टाकलेली पीडीएफ अशी तिन्ही द्या, पीडीएफ वर्कशॉपसाठी.

हे सगळं गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवा. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल सरांनी बघितलेली" असल्या फाईलनावांतून सुटका होते आणि कुठला बदल कुणी कधी का केला ते राहतं. पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या बोर्डवर, छपाईतच आवृत्ती क्रमांक टाका, नाहीतर सहा महिन्यांनी टेबलावर तीन सारखे दिसणारे बोर्ड पडलेले असतात आणि कुठला कुठला ते कळत नाही.

पार्टची यादी करताना नुसतं "फोटोडायोड" (प्रकाश मोजणारा पार्ट) असं लिहू नका, पूर्ण पार्ट नंबर लिहा, त्याला पर्याय कुठला चालेल आणि कुठला चालणार नाही तेही लिहा. स्क्रूपासून चिकटपट्टीपर्यंत सगळं यादीत पाहिजे.

पायरी ६: पहिला नमुना

गढूळपणा मोजायचं तत्त्व सोपं आहे. पाण्यात प्रकाश सोडायचा आणि कणांवर आपटून बाजूला ९० अंशात किती येतो ते मोजायचं. आयएसओ ७०२७ या मानकात ८६० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, प्रकाश सांगितलाय, कारण पाण्याला रंग असला, म्हणजे मळीचा, पाल्याचा, तर साध्या प्रकाशात तो मोजमापात घुसतो, इन्फ्रारेडमध्ये बराच कमी घुसतो. एक इन्फ्रारेड एलईडी, ओपीटी१०१ सारखा फोटोडायोड ज्यात ॲम्प्लिफायर आतच असतो, एडीएस१११५ हा व्होल्टचा आकडा करणारा १६ बिटचा कन्व्हर्टर आणि कोड चालवायला एक ईएसपी३२ बोर्ड, एवढ्यात काम होतं.

आता खरी गंमत बाटली धरणाऱ्या ठोकळ्यात आहे. सगळे म्हणतात काळं प्लास्टिक घ्या, प्रकाश आत येणार नाही. पण डोळ्याला काळं ते इन्फ्रारेडला काळं असेलच असं नाही. थ्रीडी प्रिंटिंगच्या काही काळ्या फिलामेंटमधून (प्लास्टिकच्या तारेतून) इन्फ्रारेड आरपार जातो, आणि ॲल्युमिनियमला काळं ॲनोडायझिंग केलं, म्हणजे विजेनं काळा थर चढवला, तर त्यातला रंग इन्फ्रारेडमध्ये बऱ्यापैकी चमकतो, म्हणजे भिंतीवरून प्रकाश उडून फोटोडायोडवर येतो आणि स्वच्छ पाणीही गढूळ दाखवतं. तपासायला सोपी युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत एलईडी चालू करून वर तो प्लास्टिकचा तुकडा धरा आणि मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड थोडा दिसतो. आधी नुसता एलईडी दिसतोय ना ते बघून घ्या, मग तुकडा मध्ये धरा. उजेड दिसला तर ते फिलामेंट बाद. माझ्या मते ॲल्युमिनियमचा ठोकळा लेथवर करून आतून कार्बन असलेला मॅट काळा रंग मारणं हे कोल्हापुरात सगळ्यात चांगलं पडतं, शिवाय पीएलए प्लास्टिक ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला ठोकळा वाकडा झाला की सगळं कॅलिब्रेशन, म्हणजे खऱ्या आकड्याशी केलेली जुळवणी, गेलं.

प्रत्येक मोजणीत आधी एलईडी बंद ठेवून एक वाचन घ्या आणि ते वजा करा, बाहेरून शिरलेला उजेड त्यात निघून जातो. एलईडी तापला की त्याचा प्रकाश कमी होतो, त्यामुळं समोर, सरळ रेषेत, दुसरा फोटोडायोड लावून दोन्हींचं गुणोत्तर घेतलेलं बरं.

पायरी ७: कॅलिब्रेशन, इथं घाई नको

इथपर्यंत तुमच्याकडं आहे ते नुसतं व्होल्ट दाखवणारं यंत्र. त्याला एनटीयू करायला फॉर्माझिनचं प्रमाणित, म्हणजे गढूळपणा आधीच माहिती असलेलं, द्रावण लागतं. ते हायड्राझिन सल्फेट आणि हेक्झामिथिलीनटेट्रामिन यांच्यापासून बनतं, आणि हायड्राझिन विषारी आहे, त्यानं कॅन्सरचा धोका असतो, त्यामुळं पोरांनी घरी किंवा हॉस्टेलवर बनवायचा विचारही करू नये. तयार द्रावण विकत घ्या, नाहीतर केमिस्ट्री विभागातल्या मॅडमना टीममध्ये घ्या आणि त्यांच्या लॅबमध्ये, त्यांच्या देखरेखीखाली पातळ करून घ्या. दूध टाकून किंवा माती कालवून आकडे लावणारे व्हिडिओ भरपूर आहेत, ते समजावून सांगायला ठीक, मोजमापाला नाही.

निदान पाच-सहा वेगवेगळ्या पातळ्या घ्या, शून्यासाठी गाळलेलं डिस्टिल्ड वॉटर, प्रत्येकाची बरीच वाचनं, आणि प्रत्येक वेळी बाटली काढून परत घालायची. बाटली न हलवता दहा वाचनं घेतली तर ती सारखीच येणार, त्यात काही सिद्ध होत नाही. काच सगळीकडं सारखी जाड नसते म्हणून बाटलीवर रेघ मारा आणि रेघ नेहमी त्याच खुणेवर ठेवा. बाहेरून बोटाचे ठसे पुसा, गार पाण्यानं बाटलीवर दव येतं तेही पुसा, आत बुडबुडे असतील तर थोडं थांबा, पण जास्त थांबलात तर गाळ खाली बसतो, म्हणून किती सेकंद थांबायचं ते ठरवून सूचनेत लिहा.

मग नदीचं खरं पाणी घ्या आणि त्याच बाटल्या एखाद्या लॅबच्या कंपनीवाल्या मीटरमध्ये मोजून दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. जुळले नाहीत ते आकडेही ठेवा. कुठल्या मर्यादेपर्यंत आपलं मीटर विश्वासाचं आहे आणि त्यापुढं नाही, हे पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं असलं की वैज्ञानिक तुमच्याकडं गंभीरपणे बघतात. घाटावर नमुने घ्यायला एकट्यानं जाऊ नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही, पुलावरून दोरीला बादली बांधून घ्या.

पायरी ८: अनोळखी माणसाकडून बनवून घ्या

आता माझी कसोटी. टीमच्या बाहेरचा एक माणूस शोधा, गडहिंग्लजच्या कॉलेजातला, इचलकरंजीच्या शाळेतले सायन्सचे सर, कुणीही. त्यांना फायली आणि सूचना द्या आणि तुम्ही गप्प राहा. शेजारी बसलात तरी बोलायचं नाही, ते कुठं थांबले, कुठलं वाक्य दोनदा वाचलं, कुठला पार्ट उलटा लावला एवढं लिहून घ्यायचं. "अहो सर, तसं नाही, असं फिरवा" असं तोंडात आलं की समजायचं ते वाक्य सूचनेत नाहीये, आणि तेच लिहायचंय. हे एकदा केलं की तुमच्या सूचना दुप्पट लांब आणि चौपट उपयोगी होतात.

फोटो काढताना पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात, प्रत्येक पायरीला एक. गिटबिल्डिंग नावाचं साधन ओपनफ्लेक्शरच्याच लोकांकडून आलंय, त्यात पायऱ्या लिहीत गेलं की पार्टची यादी आपोआप तयार होते, शिकायला फार वेळ लागत नाही.

पायरी ९: जाहीर करा आणि सांभाळा

ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशनचं प्रमाणपत्र २०१६ पासून मिळतं. त्याला पैसे लागत नाहीत, तुम्हीच फॉर्म भरून जाहीर करता की आम्ही सगळं व्याख्येप्रमाणं उघड केलंय, आणि देशाच्या अक्षरांसकट एक क्रमांक मिळतो, भारताचा आयएननं सुरू होतो. तो क्रमांक ठोकळ्यावर कोरून घ्या.

नंतर लोक बदल सुचवायला लागतील. एखादा म्हणेल हा फोटोडायोड आमच्याकडं मिळत नाही, दुसरा लावला. त्याला आधी आभार कळवा, मग डेटा मागा, आणि डेटा नसेल तर बदल गिटमध्ये वेगळ्या शाखेत (वेगळ्या प्रतीत) ठेवा, मुख्य डिझाईनमध्ये घाईनं घेऊ नका. दरवर्षी पोरं बदलणार हे धरून चाला, त्यामुळं पासवर्ड आणि मालकी दोन तरी टिकून राहणाऱ्या माणसांकडं असू द्या, एक कॉलेजमधले आणि एक बाहेरचे.

नदीवरच्या प्रत्येक वाचनाबरोबर तारीख, वेळ, जागा आणि मीटरचा आवृत्ती क्रमांक लिहिलेला पाहिजे. नवीन आवृत्ती काढली की जुन्या आणि नव्या मीटरनं एकाच बाटलीतलं पाणी मोजा, स्वच्छपासून पुराच्या पाण्यापर्यंत, तो तक्ता फायलींबरोबर ठेवा आणि मगच नवीन बोर्डची ऑर्डर द्या.